पॅड किती तासांचे?

औषधाच्या दुकानात खोकल्याचे औषध मागितले, तर दुकानदार बाटली तशीच हातात ठेवतो. साबण, दाढीचे पाते, जुलाबाच्या गोळ्या यांनाही कोणी झाकत नाही. सॅनिटरी पॅडचे पाकीट मागितले, की ते मात्र आधी वर्तमानपत्रात गुंडाळले जाते, मग काळ्या पिशवीत जाते आणि घरी आल्यावर कपाटातल्या कपड्यांमागे. विद्यार्थी मित्रांनो, या गुंडाळण्याचा एक परिणाम असा होतो, की पाकिटावर काय छापले आहे ते वाचायची कोणाला सवयच लागत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख तुम्ही पाहता. पॅडच्या पाकिटावरची तारीख पाहिलेली मुलगी वर्गात किती निघेल?

मराठीत या विषयावर आडून बोलायचे शब्द भरपूर आहेत. कावळा शिवला, बाजूला बसली, अडचण आली, असे म्हणत आपल्या आज्या-पणज्यांनी दिवस काढले. आता निदान दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मासिक पाळीचे चक्र दिलेले असते. अंडपेशी कशी पक्व होते, गर्भाशयाचे अंतःस्तर कसे जाड होते आणि फलन झाले नाही तर ते कसे सुटून येते, हे तुम्ही तिथे वाचले असेल किंवा वाचाल. म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा स्राव टिपण्यासाठी जी वस्तू अंगाला लावली जाते, ती सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचे कसे? मुलग्यांनी पान उलटू नये. घरात बहीण असते, वर्गात मैत्रिणी असतात. आणि पुढे रसायनशास्त्रात गेलात, वैद्यकात गेलात किंवा महापालिकेच्या कचरा विभागात गेलात, तरी हा प्रश्न समोर येणारच आहे.

घडीच्या आत काय असते?

एक नवे, न वापरलेले पॅड घ्या आणि कात्रीने आडवे कापा. वरचा मऊ थर कापडासारखा दिसतो, पण त्यात सहसा सूत नसते. पॉलिप्रॉपिलिनसारख्या प्लॅस्टिकचे तंतू न विणता, उष्णतेने एकमेकांना चिकटवून तो बनवलेला असतो. हे तंतू स्वतः पाणी शोषत नाहीत, द्रव खाली जाऊ देतात. म्हणून हा थर लवकर कोरडा लागतो. मधला जाड भाग कापसाचा वाटतो, तोही बहुतेक वेळा कापूस नसून लाकडाचा पिंजलेला लगदा, म्हणजे सेल्युलोज असते. सर्वांत खाली पॉलिथिनचा पातळ पडदा, त्यावर गोंदाचा पट्टा आणि गोंदावर निघून येणारा गुळगुळीत कागद.

आता मधला लगदा एका कागदावर हलकेच झटका. पुष्कळशा पॅडमधून साखरेच्या बारीक कणांसारखे पांढरे कण पडतील. हे सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाचे बहुवारिक आहे. (झटकताना तोंड जवळ नेऊ नका, कण नाकात जाता कामा नयेत.) कण मिसळलेला लगदा एका काचेच्या पेल्यात टाका आणि त्यावर शंभर मिलिलिटर नळाचे पाणी ओता. पाच मिनिटांत पेल्यात पाणी राहणार नाही, थलथलीत जेली दिसेल. पेला थोडा कलता केला तरी सांडत नाही. मग त्यात चमचाभर मीठ घालून ढवळा. जेली खचते आणि पाणी पुन्हा मोकळे होते.

असे का व्हावे? या बहुवारिकाच्या लांब साखळ्या जाळ्यासारख्या एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्या जाळ्यात सोडियमचे आयन अडकलेले असतात. आत आयन दाट, बाहेर विरळ. म्हणून परासरणाने पाणी आत ओढले जाते आणि जाळे फुगते. बाहेरच्या पाण्यात मीठ विरघळले, की आतला-बाहेरचा फरक कमी होतो आणि ओढ सैल पडते. शुद्ध पाणी हा पदार्थ आपल्या वजनाच्या शेकडो पट धरतो. खारट द्रव मात्र काही दहापट. पाळीचे रक्त खारट असते, शिवाय त्यात पेशी, प्रथिने आणि चिकट स्राव असतो. तेव्हा जाहिरातीत निळे पाणी ओतून दाखवतात त्यावरून फारसे काही ठरत नाही. बाजारातल्या पाळीच्या वस्तूंची टिपण्याची क्षमता खऱ्या मानवी रक्ताने मोजून तुलना करणारा पहिला अभ्यास अमेरिकेतल्या ऑरेगन येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला, हे कळल्यावर आश्चर्य वाटते. इतकी वर्षे निळ्या पाण्यावर भागले!

तुमच्या पॅडमधून कण पडलेच नाहीत, तर प्रयोग फसला असे समजू नका. काही पॅडमध्ये नुसता लगदा असतो, आणि हीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. प्रयोगानंतर जेली बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबेल. ती कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका.

आपल्या देशात या वस्तूसाठी मानक आहे. त्याचा क्रमांक आय. एस. ५४०५. १९८० सालच्या त्याच्या आवृत्तीत एक साधी परीक्षा दिली होती. पॅडच्या मध्यभागी मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडायचा. तो रंगीत पाणी असू शकतो किंवा न गोठणारे केलेले मेंढीचे वा बकरीचे रक्त. द्रव खालून किंवा कडेने बाहेर दिसता कामा नये. लगद्यात गाठी, तेलाचे डाग, कचरा नको, आणि सामू ६ ते ८.५ यांच्या दरम्यान हवा. २०१९ साली हे मानक सुधारले तेव्हा जीवाणू आणि बुरशी यांच्या तपासणीचाही त्यात समावेश झाला. यातली पहिली परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. सुई नसलेली सिरिंज, कुंकू कालवलेले मिठाचे पाणी आणि घड्याळ एवढे पुरते. सामू लिटमसने नीट कळणार नाही. त्यासाठी वैश्विक दर्शक कागद घ्या.

शोषले म्हणजे झाले का?

आता थोडे गणित करू. एका संपूर्ण पाळीत, म्हणजे चार-पाच दिवसांत, सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. बरोबर इतर स्राव असतो, त्यामुळे एकूण द्रव याहून बराच जास्त भरतो. पण तो चार-पाच दिवसांत विभागलेला असतो. मानकाच्या परीक्षेत एकट्या पॅडला ३० मिलिलिटर द्रव पेलावा लागतो. म्हणजे शाळेच्या एका दिवसात बहुतेक मुलींचे पॅड पूर्ण भरतच नाही. आणि इथेच घोटाळा होतो. "अजून भरले नाही, मग कशाला बदलायचे?" असे मुलगी म्हणते, आईही म्हणते. पाकिटावर "बारा तास संरक्षण" अशा अर्थाचे काही छापलेले असेल, तर विचारायलाच नको.

शोषण्याची ताकद आणि सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अमेरिकेत फार मोठी किंमत देऊन कळले. तिथे टॅम्पॉनचा वापर पुष्कळ. टॅम्पॉन म्हणजे योनीमार्गाच्या आत ठेवायची शोषक गुंडाळी. १९७८ साली डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मुलांमध्ये आढळलेल्या एका आजाराचे वर्णन केले. एकाएकी चढणारा ताप, अंगावर लाल पुरळ, रक्तदाब घसरणे, आणि पुढे मूत्रपिंड, यकृत अशी इंद्रिये निकामी होणे. त्याला त्यांनी "टॉक्सिक शॉक सिंड्रोम" असे नाव दिले. त्या सात जणांत मुलगेही होते, म्हणजे हा मुळात पाळीचा आजार नव्हे. पण १९८० साली अचानक तरुण स्त्रियांमध्ये याच लक्षणांचे रुग्ण दिसू लागले. त्या एका वर्षात पाळीशी निगडित ८१३ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ३८ जणी दगावल्या.

तपास करताना "रिलाय" नावाच्या टॅम्पॉनकडे बोट जाऊ लागले. त्यात कापूस नव्हता. पॉलिएस्टरच्या स्पंजाचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज हे अतिशोषक भरलेले होते. ते इतके शोषी, की पुष्कळ वेळ बदलावे लागत नसे, आणि हाच त्याचा गुण म्हणून विकला जाई. सप्टेंबर १९८० मध्ये कंपनीने ते बाजारातून मागे घेतले. आजाराचे मूळ म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू. तो कित्येक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर निवांत राहत असतो. मात्र त्याच्या काही जाती एक विषद्रव्य तयार करतात, आणि ते तयार व्हायला प्राणवायू लागतो. योनीमार्गात प्राणवायू एरवी फार थोडा असतो. टॅम्पॉनच्या पोकळ्यांतून हवा आत गेली, उबदार जागी ते तासन्‌तास राहिले, आणि त्या मुलीच्या रक्तात या विषाविरुद्ध प्रतिपिंडे नसली, म्हणजे सगळे जुळून येई. पुढे १९९० पासून अमेरिकेत टॅम्पॉनची शोषकता ग्रॅममध्ये ठरवून एकसारख्या शब्दांत छापणे बंधनकारक झाले. "रेग्युलर" म्हणजे ६ ते ९ ग्रॅम, "सुपर" म्हणजे ९ ते १२ ग्रॅम. सल्लाही बदलला. गरजेपुरत्या कमीत कमी शोषकतेचे घ्या, चार ते आठ तासांत बदला.

पॅड शरीराबाहेर असते; त्यामुळे हा धोका पॅडला तसाच्या तसा लागू होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लागू होते ती त्यामागची विचारसरणी. वस्तू किती शोषते एवढेच पाहून चालत नाही, ती किती वेळ अंगाशी आहे तेही पाहावे लागते.

मुलुंडच्या मुलीचे नऊ तास

समजा, मुलुंडची एक मुलगी दुपारच्या अधिवेशनाच्या शाळेत जाते. मुंबईच्या उपनगरांत जागा अपुरी, म्हणून एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन शाळा भरणे नवे नाही. ती पावणेबाराला घरातून निघते. शाळा साडेबारा ते सहा. तिथून लोकलने घाटकोपरला शिकवणीला, आणि साडेआठला घरी. पावणेनऊ तास झाले. निघण्यापूर्वी बदललेले पॅड तिने मध्ये कुठे बदलावे? शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. कडी असली तर आत पाणी नाही. पाणी असले तर कचऱ्याची पेटी नाही. शिकवणीच्या जागी तर एकच स्वच्छतागृह, तेही मुलांच्या रांगेसमोर. अशा वेळी मुलगी काय करते? पाणी कमी पिते, लघवी दाबून धरते आणि पॅड तसेच ठेवते. लघवी दाबून धरणे आणि पाणी कमी पिणे, या दोन्हींमुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते.

या नऊ तासांत पॅडखाली काय घडते? शरीराची ऊब असते. खालच्या प्लॅस्टिकमुळे वाफ बाहेर जात नाही. त्वचेचा स्वाभाविक सामू किंचित आम्लधर्मी, साधारण ५ च्या आसपास असतो, तर रक्ताचा ७.४. ओलीने त्वचा पिठासारखी मऊ पडते. पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांची कातडी सुरकुतते, तसाच हा प्रकार. त्यात चालण्याचे घर्षण. मांड्यांच्या सांध्यात पुरळ येते, खाज सुटते, कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या जागी बुरशी व जीवाणू यांना शिरकाव मिळतो. वासही तेव्हाच येतो. ताज्या रक्ताला फारसा वास नसतो, जीवाणूंनी ते कुजवायला घेतले की येतो. त्यावर उपाय म्हणून सुगंधी पॅड विकतात. माझे स्पष्ट मत विचाराल, तर सुगंधी पॅड घेऊच नये. त्या सुगंधी द्रव्यांनीच काहींच्या त्वचेला पुरळ उठते, आणि वास झाकला गेल्याने बदलण्याची आठवणही होत नाही.

म्हणून डॉक्टर सांगतात ते चार ते सहा तासांचे गणित भरलेल्या पॅडसाठी नाही, सगळ्याच पॅडसाठी आहे. याउलट, एखाद्या मुलीचे पॅड तास-दोन तासांत भिजून जात असेल आणि असे सारखेच होत असेल, तर ती गोष्ट पॅडच्या दर्जाची नसून डॉक्टरांना सांगायची आहे. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे हे अतिस्रावाचे लक्षण मानतात. प्रत्येक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, हे लक्षात घेतले म्हणजे दिवसाला किती पॅड लागले याची वहीत नोंद ठेवणे किती उपयोगाचे आहे ते कळेल.

इथे एका भीतीबद्दलही बोलले पाहिजे. २०२२ साली दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातली दहा प्रकारची पॅड तपासली आणि सर्वांत थॅलेट ही रसायने व काही बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये आढळल्याचे सांगितले. त्यावरून "पॅडने कर्करोग होतो" अशा बातम्या फिरू लागल्या. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून दोन प्रश्न विचारावेत. पदार्थ सापडला, पण किती? आणि त्यातला किती त्वचेतून आत जातो? थॅलेट प्लॅस्टिकच्या पुष्कळ वस्तूंत असतात, आणि काही थॅलेट संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात हे खरे. म्हणून उत्पादकांनी ते टाळावेत आणि मानकात त्यांची मर्यादा असावी, ही मागणी योग्यच आहे. पण "सापडले" यावरून "रोग झाला" असे सिद्ध होत नाही. आणि या भीतीने पॅड सोडून घरातले मळके फडके घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कापड, पाऊस आणि इस्त्री

फडके म्हटले म्हणून कापडाला नावे ठेवतो आहे असे समजू नका. वर सांगितलेल्या पाहणीत १५ ते २४ वर्षांच्या मुलींपैकी ६४ टक्के मुली सॅनिटरी पॅड वापरत होत्या आणि ५० टक्के कापड. (बेरीज शंभरावर जाते, कारण कित्येकजणी दोन्ही वापरतात.) त्या पाहणीने कापडाला "आरोग्यदायी साधना"च्या यादीबाहेर ठेवले. मला हे सरसकट पटत नाही. स्वच्छ, मऊ, सुती कापड, नीट धुतलेले आणि पूर्ण वाळलेले, यात काही वाईट नाही. पुन्हा वापरायच्या कापडी पॅडसाठी २०२१ साली भारतीय मानकही निघाले. अडचण कापडात नाही, वाळवण्यात आहे.

घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर किंवा अंधेरीच्या एखाद्या वस्तीत दहा बाय बाराची खोली असते. जून ते सप्टेंबर या काळात सांताक्रूझच्या वेधशाळेत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो, आणि हवा इतकी दमट, की शाळेचा गणवेश दोन दिवस वाळत नाही. त्यात पाळीचे कापड कोणाला दिसू नये म्हणून दोरीवर परकराखाली किंवा मोरीतल्या बादलीमागे वाळत घातले जाते. बाष्पीभवनाला तीन गोष्टी लागतात, ऊब, वारा आणि कोरडी हवा, आणि तिन्हींपैकी तिथे एकही नसते. अर्धवट ओले, घडी केलेले कापड म्हणजे बुरशीला आयते अंथरूण.

कापड वापरणाऱ्यांनी ते आधी थंड पाण्यात धुवावे. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात आणि डाग धाग्यात बसतो. नंतर साबण लावून स्वच्छ पाण्यात खळबळून काढावे आणि उघड्यावर, उन्हात वाळवावे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि कोरडेपणा दोन्ही जंतूंना मारक आहेत. ऊन नसेल तर कडक इस्त्री फिरवावी. जाड शिवलेल्या घडीपेक्षा उलगडता येणारे एकेरी कापड कितीतरी लवकर वाळते. पटत नसेल तर श्रावणात दोन सारखे तुकडे घ्या, एक उलगडून आणि एक चार घड्या घालून वाळत टाका, आणि तासातासाने वजन करा.

अलीकडे मुलींकडून मेन्स्ट्रुअल कपबद्दल विचारणा होते. हा सिलिकोनचा लहान पेला योनीमार्गात बसतो. तो स्राव शोषत नाही, साठवतो. २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यात ३,३१९ जणींची माहिती होती आणि योग्य रीतीने वापरल्यास कप सुरक्षित असल्याचे दिसले. टॉक्सिक शॉकचे पाच प्रसंग मात्र त्यातही नोंदलेले आहेत. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पाळी संपल्यावर कप पाण्यात उकळावा. हात धुवायला साबण आणि पाणी नसेल, तर कपचा विचार शाळेपुरता बाजूला ठेवलेला बरा.

नंतर ते जाते कुठे?

वापरलेले पॅड स्वच्छतागृहाच्या भांड्यात टाकले, तर मघाच्या प्रयोगातली जेली आठवा: ते फुगते आणि नळी बंद होते. कचऱ्यात उघडे टाकले, तर ते कोणाच्या तरी हातात जाते. हेपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकू शकतो, आणि कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हातात बहुधा हातमोजे नसतात.

पुण्याच्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ साली यावर एक मजेशीर, पण अचूक उपाय केला. त्यांनी वापरलेली पॅड पिशव्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली! वस्तू विकता, तर तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी कोणाची, असा त्यांचा सवाल होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी टाकली. २०१७ साली पुण्यातच "लाल ठिपका" मोहीम सुरू झाली. पॅड कागदात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी न उघडता आत काय आहे ते कळते. मुंबई महापालिकेने २०२५ साली सोसायट्या, वसतिगृहे वगैरे ठिकाणांहून हा कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली. देवनार, कांजूरमार्ग, गोराई, मुलुंड ही डम्पिंग ग्राउंडची नावे उपनगरातल्या माणसाला वासावरून ठाऊक आहेत. गोराई आणि मुलुंड बंद झाली. पण पुरलेले पॉलिथिन सहजासहजी कुजत नाही.

काही शाळांनी भिंतीवर पॅड जाळायचे विजेचे लहान यंत्र बसवले आहे. ते पाहून समाधान मानण्यापूर्वी एक आकडा लक्षात घ्या. रुग्णालयातला कचरा जाळणाऱ्या भट्टीसाठी २०१६ च्या नियमांनी पहिल्या कक्षात किमान ८०० आणि दुसऱ्या कक्षात १,०५० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान ठरवले. ओल्या पॅडमधले एक ग्रॅम पाणी नुसते वाफ व्हायलाच सुमारे २,२६० ज्यूल उष्णता खाते. भिंतीवरच्या डब्याला ते तापमान गाठता आले नाही, तर प्लॅस्टिक अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि जळणात क्लोरीन असेल तर डायऑक्सिनसारखी घातक द्रव्येही निघू शकतात. धुराडे वर्गाच्या खिडकीखाली उघडत असेल, तर तो धूर कोणाच्या फुप्फुसात जातो हे सांगायला नको. अशा यंत्रापेक्षा झाकणाची पेटी आणि रोज ती उचलणारी व्यवस्था मला अधिक भरवशाची वाटते.

शिक्षकांसाठी

हा पाठ मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन, दार लावून, पाकीट वाटून संपवण्याची पद्धत आहे. त्याने मुलगे अडाणी राहतात आणि मुलींना दार लावायची सवय लागते. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून कोणाला पाळी आली आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. डाग पाण्याने निघाला असता. हे करणारी माणसे शिकलेली होती, हे विसरू नका.

पॅड कापण्याचा आणि मिठाचा प्रयोग सगळ्या वर्गापुढे करा. तो पाळीवरचा पाठ म्हणून सुरू करण्याऐवजी बहुवारिकांचा पाठ म्हणून सुरू केला, तर हसणे-खिदळणे दोन मिनिटांत थांबते. नंतर वर्गाचे गट पाडून शाळेच्या स्वच्छतागृहांची पाहणी करायला सांगा. मुलींच्या बाजूला मुलींचा गट जाईल, पण प्रश्नावली सर्वांनी मिळून बनवावी. किती मुलींमागे एक स्वच्छतागृह? आतून कडी लागते का? नळाला पाणी किती वाजेपर्यंत असते? साबण, झाकणाची पेटी, गुंडाळायला कागद? पेटी कोण, कधी रिकामी करते आणि तिच्याकडे हातमोजे आहेत का? जादा पॅड कोणाकडे मिळतात, आणि त्या बाई रजेवर असतील तर कोणाकडे? वर्गातल्या तासाला "बाई, बाहेर जाऊ का?" असे विचारल्यावर किती वेळा "सुट्टीत जा" असे उत्तर मिळते, तेही मोजा. आकडे तक्त्यात मांडून मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला द्या.

पाहणी मात्र मधल्या सुट्टीत, रांग लागलेली असताना करा. शाळा सुटल्यावर गेलात, तर सगळी स्वच्छतागृहे रिकामी आणि पुरेशी दिसतील.